हरणाऱ्या एनएफएल संघासाठी बचावाची पद्धत कशी निवडायची

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला तुमचा संघ सहापैकी पाच सामने हरलाय, दर सामन्याला अठ्ठावीस-तीस गुण अंगावर चढताहेत आणि जो तो एकच सांगतोय: ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर नेहमीपेक्षा जास्त माणसं सोडणं) वाढवा. थोडा जाणकार असेल तर म्हणतो, ४-३ (पुढे चार लाइनमन, मागे तीन लाइनबॅकर) सोडा, ३-४ वर या. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर निघतात, पण सुरुवात तिथून करायची नसते.

मैदान ५३ यार्ड १ फूट रुंद आहे आणि तुमच्याकडे अकरा माणसं. समोरच्या संघाचे पाच जण पास झेलायला पळू शकतात. तुम्ही चार जणांना क्वार्टरबॅकवर सोडलंत तर मागे सात उरतात, म्हणजे पाचांवर दोन जादा. पाच सोडलेत तर एक जादा. सहा सोडलेत तर एकास एक, जादा कोणीच नाही. क्रिकेटचा कर्णधार नऊ क्षेत्ररक्षकांत अख्खं मैदान झाकू शकत नाही, म्हणून कुठली धाव सोडायची ते तो आधीच ठरवतो. इथेही तेच करायचं. बुडत्या संघाने कुठली जागा प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकायची, हे ठरवण्याची पद्धत पुढे दिली आहे.

डाउन, यार्डेज आणि खेळाडूंच्या जागा तुम्हाला माहीत आहेत असं धरलंय. मॅडन या व्हिडिओ गेमच्या फ्रँचाइझ मोडमध्ये संघ चालवत असाल, विश्लेषण लिहित असाल किंवा रात्री जागून सामने बघताना नक्की काय बिघडतंय ते समजून घ्यायचं असेल, तिन्हीसाठी पायऱ्या याच.

आधी हे जवळ घ्या

- शेवटच्या चार सामन्यांचं ऑल-२२ चित्रण. यात बावीसही खेळाडू एकाच चौकटीत दिसतात. अमेरिकेत ते एनएफएल प्लस प्रीमियमवर मिळतं. टीव्हीच्या प्रक्षेपणात सेफ्टी चौकटीबाहेर असतात, त्यामुळे त्यावरून कव्हरेज (पासविरुद्ध मागची माणसं कशी वाटलीत ते) ओळखायचा प्रयत्न करू नका.
- प्ले-बाय-प्ले माहिती. एनएफएलव्हर्सचा संच फुकट आहे आणि १९९९ पासूनचा आहे. डाउन, अंतर, जागा आणि ईपीए (प्रत्येक खेळाने अपेक्षित गुण किती बदलले) सगळं त्यात मिळतं.
- डेप्थ चार्ट (कुठल्या जागी कोण पहिला, कोण दुसरा) आणि दुखापतींचा अहवाल.
- खेळाडूंच्या करारांची आणि सॅलरी कॅपची, म्हणजे एकूण पगाराच्या मर्यादेची, यादी. २०२५ ची मर्यादा २७.९२ कोटी डॉलर होती. हंगामाच्या मध्यावर किती जागा शिल्लक आहे, हे माहीत नसेल तर नवा खेळाडू आणण्याच्या गप्पा फुकट.
- एक कोरी तक्ता-वही किंवा स्प्रेडशीट.

१. कुठून गळतंय ते आधी शोधा

एकूण किती यार्ड दिले, हा आकडा बाजूला ठेवा. आधीच हरलेल्या सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत दिलेले यार्डही त्यात मोजलेले असतात. ‘दिलेले गुण’ हा आकडा तर त्याहून फसवा. तुमच्या क्वार्टरबॅकचा पास अडवून समोरच्यांनी थेट टचडाउन केलं, तर ते गुणही सहसा बचावाच्याच नावावर पडतात. चेंडू हरवल्यामुळे समोरच्यांच्या ज्या ड्राइव्ह (सलग हल्ल्याच्या फेऱ्या) तुमच्याच ३० यार्डांच्या आत सुरू झाल्या, त्या वेगळ्या काढा. बऱ्याचदा असं दिसतं की बचाव बरा आहे आणि खरी रडगाणी ऑफेन्सची आहेत. मग पद्धत बदलून काहीच साधणार नाही.

आता मोठे खेळ काढा: १० किंवा जास्त यार्डांच्या धावा आणि २० किंवा जास्त यार्डांचे पास. चार सामन्यांत असे तीस-चाळीस तरी सापडतील. प्रत्येकासमोर डाउन, अंतर, तुमची रचना आणि कव्हरेज लिहा. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं, आणि तिथे चारच पर्याय ठेवा:

अ) दोघांनी वेगवेगळी हाक (कुठला बचाव खेळायचा तो इशारा) ऐकली, माणूस मोकळा राहिला.
आ) माणूस जागेवर होता, टॅकल (पळणाऱ्याला धरून पाडणं) सुटली.
इ) माणूस जागेवर होता, पण समोरचा सरस ठरला.
ई) सगळं बरोबर होतं, तरी पास बसला.

हा रकाना भरायलाच सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इलाज यावरूनच ठरतो. ‘अ’ जास्त असतील तर प्लेबुक (शिकवलेल्या चालींची यादी) कमी करा, नवी पद्धत आणू नका. नवीन पद्धतीत ‘अ’ वाढतात, कमी होत नाहीत. ‘आ’ जास्त असतील तर सरावात टॅकलिंगचा वेळ वाढवा आणि पळणाऱ्याला आत, इतर खेळाडूंकडे वळवणारी जागा पकडायला शिकवा. ‘इ’ म्हणजे त्या खेळाडूला वरून मदत द्या किंवा त्याला बदला. ‘ई’ सोडून द्या, समोरच्यांनाही पगार मिळतो.

एक सापळा: कव्हरेज माहीत नसताना ‘कॉर्नरची चूक’ असं लिहून टाकणं. कव्हर २ मध्ये (ही नावं चौथ्या पायरीत उलगडली आहेत) कॉर्नरने रिसीव्हरला मागे सेफ्टीकडे सोपवणं बरोबरच असतं. सेफ्टी उशिरा आला, तरी टीव्हीवर पोळलेला दिसतो तो कॉर्नर.

२. हातातली माणसं मोजा

पाच प्रश्न आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला: चार जण स्वतःच्या जोरावर क्वार्टरबॅकपर्यंत पोचतात का? तिसरा डाउन आणि सात किंवा जास्त यार्ड, ज्यात तुम्ही फक्त चार जण सोडलेत, असे वीस खेळ काढा. चेंडू सुटल्यापासून, म्हणजे सेंटरने तो मागे दिल्यापासून, अडीच सेकंदांनी चित्र थांबवा. पॉकेट (क्वार्टरबॅकभोवतीचं ब्लॉकरांचं कडं) कुठल्या बाजूने आत दबलंय का? क्वार्टरबॅकला पुढचं पाऊल टाकून फेकायला जागा आहे का? वीसपैकी सहा-सात ठिकाणी तो अडचणीत दिसला तर तुमची फळी ठीक आहे. दोन-तीनच ठिकाणी दिसला, तर नुसती मागची माणसं वाढवून काही होणार नाही, कारण सात जणांनी चार-पाच सेकंद सगळ्यांना धरून ठेवणं कुणालाच जमत नाही.

दुसरा: कॉर्नर मदतीशिवाय माणूस सांभाळू शकतात का? दोघांचा वेगळा विचार करा आणि स्लॉटमधल्या (कडेचा रिसीव्हर आणि लाइन यांच्या मधल्या जागेतल्या) तिसऱ्याचा त्याहून वेगळा. तिसरा: मधला सगळा खोल भाग एकट्याने झाकणारा सेफ्टी आहे का? सिअॅटलकडे अर्ल थॉमस होता म्हणून त्यांची कव्हर ३ चालली. २०१२ ते २०१५ सलग चार हंगाम त्यांनी लीगमध्ये सर्वात कमी गुण दिले. तीच कव्हर ३ उसनी घेणाऱ्या बऱ्याच संघांकडे थॉमस नव्हता. चौथा: लाइनबॅकर मागे वळून पळू शकतात का? पाचवा: मधला नोज टॅकल दोन ब्लॉकर अंगावर घेऊन जागा धरतो का?

माणसं मोजताना त्यांच्या सध्याच्या जागेवर जाऊ नका. झॅक बॉन न्यू ऑर्लिन्समध्ये मुख्यतः स्पेशल टीम्समध्ये खेळायचा आणि अधूनमधून कडेने रश करायचा, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून जायचा. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला एक वर्षाच्या साध्या करारावर घेतलं, फळीच्या मागे आतला लाइनबॅकर केलं, आणि तो त्याच हंगामात पहिल्या ऑल-प्रो (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) संघात आला. तुमच्या ५३ जणांत असा चुकीच्या जागी अडकलेला एखादा जवळपास नेहमीच असतो.

३. पुढची फळी: ४-३ की ३-४ हा वाद लवकर आवरा

आजकाल अर्ध्याहून जास्त वेळ मैदानात पाच डिफेन्सिव्ह बॅक असतात, म्हणजे निकेल. त्यामुळे कागदावर ४-३ लिहिलंय की ३-४, याने फार फरक पडत नाही. विचारायचं ते हे: प्रत्येक जण एक फट सांभाळणार की दोन?

फटींचं गणित करून बघा. सेंटर आणि गार्डमधली फट ए, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. दोन्ही बाजू धरून सहा झाल्या. टाइट एंड उभा राहिला की सातवी. निकेलमध्ये दोन्ही सेफ्टी मागे ठेवलेत तर बॉक्समध्ये (फळीजवळच्या, धाव अडवण्याच्या भागात) सहाच माणसं असतात. सातवी फट कोणाची? याचं उत्तर तुमच्या पद्धतीत लिहिलेलं नसेल तर धावांचा पूर येणारच. उत्तरं तीन आहेत.

पहिलं, एक सेफ्टी खाली आणा. फट भरली, पण मागे आता एकच राहिला. दुसरं उत्तर म्हणजे फळीतल्या एखाद्याने दीड फट खेळायची: स्वतःच्या फटीत अंग, पण समोरच्या ब्लॉकरला हाताने रोखून शेजारच्या फटीवर नजर. बचाव-प्रशिक्षक व्हिक फँजिओच्या पद्धतीचा पाया हाच आहे. त्याला मजबूत आणि संयमी लाइनमन लागतात. नुसत्या चपळ, आत घुसणाऱ्यांकडून हे होत नाही. तिसरं, सेफ्टी मागेच ठेवायचा, पण टाइट एंड ब्लॉक करतोय असं दिसताच त्याने खाली धावायचं. हे कव्हर ४ मध्ये करतात. त्यात सेफ्टीची नजर चुकली की धाव दहा-बारा यार्डांची झालीच म्हणून समजा.

क्वार्टरबॅक स्वतः पळणारा असेल, लमार जॅक्सन किंवा जेलन हर्ट्ससारखा, तर रनिंग बॅक ब्लॉकर म्हणून मोकळा होतो. मग गणितात आणखी एक माणूस कमी धरा.

हंगामाच्या मध्यावर एक-फटीवरून दोन-फटीवर जाऊ नका. त्याला वेगळी शरीरं लागतात आणि ती मार्चमधल्या फ्री एजन्सीत (करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात) आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या निवडीत) मिळतात. ग्रीन बेने २००९ मध्ये बचाव-प्रशिक्षक डॉम केपर्सला आणून ३-४ सुरू केली, तेव्हा त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवव्या क्रमांकावर बी. जे. राजी आणि सव्विसाव्यावर क्ले मॅथ्यूज घेतले. आदल्या वर्षी ६-१० असलेला संघ ११-५ झाला आणि धावा अडवण्यात लीगमध्ये पहिला आला. नुसती पद्धत बदलून हे झालं नसतं.

४. कव्हरेज निवडा, म्हणजे भोक निवडा

कव्हर ३: मागे तीन, मध्ये चार. बॉक्समध्ये आठवा माणूस मिळतो, त्यामुळे धावा आटोक्यात येतात. भोक कडेच्या छोट्या पासात, आणि कॉर्नर व मधल्या सेफ्टीच्या बरोबर मधल्या पट्ट्यात. चार रिसीव्हर सरळ पळाले की मधला सेफ्टी दोघांच्या कात्रीत सापडतो.

कव्हर २: मागे दोन, मध्ये पाच. छोटे पास दबतात. भोक कॉर्नरच्या मागे कडेला १५ ते २० यार्डांवर आणि दोन्ही सेफ्टींच्या मध्ये. टॅम्पा २ मध्ये मधला लाइनबॅकर खोल पळून ते मधलं भोक बुजवतो. म्हणूनच ती पद्धत ब्रायन अर्लॅकरसारख्याच्या जिवावर चालते, आणि पुढच्या चौघांनी दाब टाकला तरच.

कव्हर ४: मागे चार, मध्ये तीन. लांब पास जवळपास बंद. कडेचे पाच-सहा यार्ड तुम्ही देऊन टाकलेत. खोट्या धावेला सेफ्टी फसला तर त्याच्या डोक्यावरून पोस्ट (गोलपोस्टकडे तिरका वळणारा लांब पास) जातो.

कव्हर १: सगळे माणसावर, मागे एक मोकळा. आडवे धावणारे रिसीव्हर आणि एकमेकांच्या वाटेत येणाऱ्या जोड्या त्रास देतात. शिवाय सगळ्यांची पाठ क्वार्टरबॅककडे असते, तो पळाला की पंधरा यार्ड. अवैध संपर्क आणि होल्डिंगचे दंडही वाढतात. दोन्ही पाचच यार्डांचे, पण फर्स्ट डाउन आपोआप मिळतो.

कव्हर ०: मागे कोणीच नाही. सामन्यात दोन-चार वेळा, तेही शत्रूला अपेक्षा नसताना.

पहिल्या पायरीच्या वहीत लांब पासच जास्त असतील तर दोन सेफ्टी मागे ठेवून उभं राहा, मुख्य कव्हरेज ४ ठेवा आणि चेंडू सुटताना एका सेफ्टीला खाली फिरवून कव्हर ३ करण्याची सोय ठेवा. धाव खात असेल तर मुख्य कव्हरेज ३ ठेवा. ज्यांचे कॉर्नर खरोखर चांगले आहेत पण रश कमजोर आहे, त्यांनीच कव्हर १ कडे बघावं. माझं मत विचाराल तर हरणाऱ्या संघाने शंका असताना पहिला मार्ग घ्यावा. प्रतिस्पर्ध्याला ८० यार्ड जायला बारा खेळ लावले तर मध्ये कुठेतरी होल्डिंग, सॅक (पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) किंवा सुटलेला चेंडू येतो. एकाच पासात ७० यार्ड दिलेत तर काहीच येत नाही.

पद्धतीचं नाव संघाला वाचवत नाही, याचा पुरावा डेट्रॉइट आहे. २००८ मध्ये टॅम्पा २ खेळून त्यांनी ५१७ गुण दिले आणि ०-१६ झाले. २०२० मध्ये उलट टोकाची, माणसावर खेळण्याची पद्धत होती, गुण दिले ५१९. दोन्ही वेळा पुढच्या चौघांचा दाब नव्हता.

५. दाब: किती पाठवायचे

ब्लिट्झ म्हणजे पाच किंवा जास्त. दुसऱ्या पायरीतल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर ब्लिट्झ जवळजवळ विसरा. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बाऊलमध्ये फिलाडेल्फियाने पॅट्रिक महोम्सवर एकदाही ब्लिट्झ केली नाही, तरी सहा सॅक काढले आणि ४०-२२ ने जिंकले.

उत्तर ‘नाही’ असेल तर मधला मार्ग घ्या. सहा जण फळीवर उभे करा, दोन लाइनबॅकर दोन्ही ए फटींच्या तोंडावर. समोरची लाइन सहा जणांचा हिशेब करते. चेंडू सुटताच एक लाइनबॅकर आणि एक कडेचा माणूस मागे आणा, चारच जण पाठवा, पण त्यात एक अनपेक्षित असू द्या. मागे सात शिल्लक राहतात आणि तरी एखादा ब्लॉकर हवेत हात मारत राहतो. बचाव-प्रशिक्षक डिक लेबोने १९८० च्या दशकात सिनसिनाटीत जे सुरू केलं त्याचाच हा आजचा अवतार.

यात नेहमी बिघडतं ते मागे येणाऱ्या जाड्या लाइनमनचं. तो तीन यार्ड मागे येऊन उभा राहतो आणि पास त्याच्या कानाजवळून जातो. त्याला क्वार्टरबॅकच्या पहिल्या, जवळच्या निशाण्याची जागा दाखवा. तेवढंच काम द्या.

६. हाका कमी करा

बहुतेक संघ इथे फसतात. हंगामात पॅड घालून सराव फक्त चौदा वेळा करता येतो. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, एवढ्यात जे बसेल तेवढंच शिकवा. बुडत्या संघासाठी पहिल्या आठवड्याची यादी अशी ठेवा: दोन रचना, तीन कव्हरेज, दोन दाब, आणि गोल लाइनसाठी एक. बस.

हाक एकाच खेळाडूच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर जाते, ज्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. प्ले क्लॉकवर १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. त्यानंतर समोरच्यांनी रिसीव्हर हलवला तर उत्तर मैदानातच द्यावं लागतं. म्हणून दोन गोष्टी आधीच ठरवा. रिसीव्हर एका बाजूकडून दुसरीकडे गेला तर त्याचा माणूस मागे पळणार की सगळे एकेक जागा सरकणार? आणि तीन रिसीव्हर घोळका करून उभे राहिले तर? पुढच्या टोकाला असलेल्याला एक जण घेईल, बाहेर जाणाऱ्या पहिल्याला दुसरा, आत येणाऱ्या पहिल्याला तिसरा. कोण पहिला, हे मोठ्याने ओरडून सांगणारा एकच हवा. ‘अ’ रकान्यातले निम्मे खेळ या दोन प्रसंगांतच सापडतील.

हंगामाच्या मध्यावर हाका देणाराच बदलणं हा लोकप्रिय उपाय आहे. २०२३ मध्ये फिलाडेल्फिया १०-३ असताना बचाव-प्रशिक्षक शॉन देसाईकडून ते काम काढून मॅट पॅट्रिशियाला दिलं. पुढच्या चारपैकी तीन सामने गेले आणि प्लेऑफमध्ये टॅम्पा बेने ३२-९ ने हरवलं. गंमत म्हणजे देसाई फँजिओच्याच हाताखाली शिकलेला, आणि पुढच्या वर्षी खुद्द फँजिओ आल्यावर त्याच घराण्याच्या पद्धतीने तोच संघ दिलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिला आला. मधल्या काळात बॉन आला होता, आणि क्विन्यन मिचेल व कूपर डीजीन हे दोन नवे कॉर्नर.

७. रेड झोन

२० यार्डांच्या आत मागची रेषाच तुमचा बारावा माणूस होते. खोल भाग उरत नाही, म्हणून मागे चार ठेवायची गरज नाही. माणसांवर जवळून खेळा किंवा कव्हर २ मध्ये सेफ्टींना गोल लाइनवर उभं करा. तिथे तीन गुणांवर रोखणं हे यशच आहे.

८. किती थांबायचं

एका सामन्यावरून ठरवू नका. तीन सामने द्या आणि फक्त तीन आकडे बघा: मोठे खेळ, ‘अ’ कारणाचे खेळ, आणि तिसऱ्या डाउनवर दिलेले फर्स्ट डाउन. ‘अ’ पहिल्यांदा कमी व्हायला हवेत. ते झाले नाहीत तर अजून हाका कापा. ते कमी झाले पण गुण तेवढेच, तर दोष माणसांत आहे.

मोठा बदल बायच्या, म्हणजे सामना नसलेल्या, आठवड्यात करा. २०२४ मध्ये फिलाडेल्फिया बायला २-२ असताना त्यांनी स्लॉटमध्ये डीजीनला आणलं. पद्धत तीच, एक माणूस बदलला. पुढे तेरापैकी बारा जिंकले.

पहिल्या वर्षाच्या सुधारणेवर भाळू नका. न्यू ऑर्लिन्सने २०१२ मध्ये ७,०४२ यार्ड दिले, लीगच्या इतिहासात सर्वात जास्त. बचाव-प्रशिक्षक म्हणून रॉब रायन आला, २०१३ मध्ये ते चौथे. २०१४ मध्ये पुन्हा एकतिसावे. आणि २०१२ चा तो बचाव चालवणारा स्टीव्ह स्पॅग्न्युओलो नंतर कॅन्सस सिटीत तीन सुपर बाऊल जिंकला.

माणूसच हवा असेल तर तारीख लक्षात ठेवा. ट्रेडची मुदत नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी संपते. त्यानंतर सोडलेला प्रत्येक खेळाडू, कितीही अनुभवी असो, वेव्हर्समधून (सोडलेल्या खेळाडूवर इतर संघांनी हक्क सांगण्याच्या यादीतून) जातो, आणि तिथे पहिला हक्क सर्वात वाईट निकाल असलेल्या संघाचा असतो. मुदतीला भाव चढलेले असतात, तेव्हा ड्राफ्टचे पिक देऊन टाकण्यापेक्षा पुढचे दोन आठवडे रोजची वेव्हर्सची यादी वाचा. स्लॉट कॉर्नर आणि तिसरा सेफ्टी तिथेच फुकट सापडतात.